फौज नसलेल्या राज्याची लढाई

गोत्री आता बडोदा शहरातच मोडते. हा सारा मुलूख एके काळी गायकवाडांचा. इथल्या मराठी माणसांत सयाजीरावांचे नाव आदराने निघते. ते गादीवर कसे आले, ती हकिगत मात्र मागे राहते.

१८०५च्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज बडोद्याच्या बोकांडी कायमची बसली होती. पुढचा घाला आला तो सरबताच्या पेल्यातून. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे घोट घेतले, बाकीचे ओतून दिले, आणि पेल्याच्या तळाशी त्यांना गाळ दिसला. तपासणीत सोमल निघाला. विषप्रयोगाच्या संशयावरून जानेवारीत महाराज मल्हारराव गायकवाड कैदेत पडले, कारभार इंग्रजांनी हाती घेतला. चौकशीला तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य बसले. इंग्रजांनी महाराजांना दोषी ठरवले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव यांनी आरोप सिद्ध झाला असे मानले नाही. पहिल्या दोघांच्या स्वतःच्याच गाद्या इंग्रजांच्या मर्जीवर होत्या. तरी ते बधले नाहीत, याचे मोल मोठे आहे.

एप्रिल १८७५मध्ये मल्हाररावांना गैरकारभाराच्या कारणावरून काढून मद्रासला धाडले. कारभार वाईट होता हे खरेच. दादाभाई नौरोजींनाही तिथे दिवाण म्हणून टिकता आले नाही. पण चौकशी विषप्रयोगाची आणि शिक्षा गैरकारभाराची, याला न्याय म्हणता येत नाही.

मग आधीच्या महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव.

बलाढ्य सत्ता दारात आली की लहान देशाने काय करावे? डेन्मार्कने ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीपुढे काही तासांतच शस्त्रे ठेवली. त्याच देशातल्या लोकांनी १९४३च्या ऑक्टोबरात सात हजारांवर ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवले. नॉर्वेच्या शिक्षकांनी १९४२मध्ये नाझीधार्जिण्या संघटनेत जायचे नाकारले आणि शेकडोंनी अटक पत्करली. शरणागतीच्या तारखेवरून अशा देशांना जोखणे अन्यायाचे आहे.

बडोद्याकडे इंग्रजांशी लढण्याजोगी फौज नव्हती, पण शाळा काढायला हात मोकळे होते. सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेली भागात आणि १९०६मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींनाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश मुलखासाठी तशा शिक्षणाचे विधेयक १९११मध्ये मांडले, तेव्हा दाखला द्यायला बडोदा होते. १९१२मध्ये सरकारी बहुमताने ते विधेयक फेटाळले.