आता पाहुण्यांना धक्काही दाखवतो

पाहुणा आला की काय दाखवायचं, याबद्दल माझं मत अनेक वर्षं पक्कं होतं. गोव्यातल्या नार्वेचं सप्तकोटेश्वराचं देऊळ, शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेलं. हरवळ्याचा धबधबा आणि तिथली लेणी. आमच्या आमोण्याचा बेताळ. मांडवीकाठचे खनिजाचे धक्के मात्र मी टाळायचो. लाल धुळीत पाहण्यासारखं काय असणार? खाण ही सोसायची गोष्ट, दाखवायची नव्हे, असंच मला वाटे.

हे मत ग्लासगोत बदललं. पाठीवर पिशवी अडकवून एकटाच स्कॉटलंड फिरत होतो. सकाळ एडिंबरात गेली. किल्ल्यावरून दुपारी एकला उडणारी तोफ ऐकली. 1861 पासूनचा हा रिवाज, रविवारी सुट्टी. शहर देखणं आहे, पण तासाभराच्या आत रेल्वेनं ग्लासगोला पोचलो आणि क्लाइड नदीच्या काठानं चालू लागलो, तेव्हा मन पहिल्यांदा गुंतलं.

काठावर फिनिस्टनची अवाढव्य क्रेन उभी आहे. 175 टन उचलण्याची तिची ताकद. 1932 पासून ती ग्लासगोत बांधलेली रेल्वे इंजिनं जहाजांवर चढवायची. आता काम नाही, तरी शहरानं ती राखलीय. पुढं केल्विन नदीच्या मुखाशी 2011 मध्ये उघडलेलं वाहतूक संग्रहालय, त्याच्या दाराशी 1896 चं शिडाचं जहाज. आत एक प्रचंड वाफेचं इंजिन आहे. इथंच बांधलेलं, दक्षिण आफ्रिकेत राबलेलं, 2007 मध्ये पुन्हा घरी आणलेलं. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. घाई करणारं सोबत कुणी नव्हतं, हे किती बरं झालं!

मला आमचे बार्ज आठवले. डिचोली-सत्तरीचं खनिज ट्रकांनी धक्क्यावर यायचं, बार्जमधून मांडवीनं मुरगावला जायचं, तिथून जपान-चीनला. 2012 मध्ये खाणी थांबल्या. पुढं सुरू झाल्या, पण 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि पुन्हा बंद पडल्या. कित्येक घरांच्या चुली त्या नदीवर चालत होत्या. त्या माणसांचं काम आम्ही कुठं जपलं?

जपायचं म्हणजे गोडवे गायचे, असंही नाही. ग्लासगोचे रस्ते तंबाखूच्या सावकारांची नावं मिरवतात. ती संपत्ती गुलामांच्या घामातून आली होती, आणि त्याबद्दल नगरपालिकेनं मार्च 2022 मध्ये जाहीर माफी मागितली. क्रेनचा अभिमान आणि ही माफी एकाच शहरात नांदतात. डिचोलीतही खाणींच्या गाळानं भरलेली शेतं आणि आटलेले झरे या हकिकतीतून वगळून चालणार नाही.

म्हणून हल्ली पाहुण्यांना बेताळाचं दर्शन झालं की खांडोळ्याच्या पुलावर नेतो, नदी दाखवतो, धक्के दाखवतो. बार्जवर काम केलेल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसतो आणि ते सांगतील ते वहीत उतरवून घेतो: भरती कधी साधायची, रात्री वळण कसं ओळखायचं, पगार किती मिळायचा. शेत गाळाखाली गेलेल्या एका शेजाऱ्यांना माझा हा उद्योग मुळीच पसंत नाही. त्यांचंही म्हणणं त्याच वहीत, त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलंय.