५०४ नावं, एक दोषी

व्हिएतनाममधल्या दानांगहून दक्षिणेला साधारण १३० किलोमीटरवर क्वांग न्गाई लागतं. तिथून समुद्राकडे वळलेला रस्ता भातखाचरांतून सोन मी गावात पोचतो. माय लाय म्हणून जगाला ठाऊक झालेली वस्ती ती हीच.

१६ मार्च १९६८ च्या सकाळी अमेरिकी लष्कराची चार्ली कंपनी हेलिकॉप्टरनं इथं उतरली. शत्रूची तुकडी सापडलीच नाही. सापडली ती म्हातारी माणसं, बायका आणि पोरं. दुपारपर्यंत त्यांची प्रेतं खंदकात पडली होती.

जळालेल्या घरांची जोती स्मारकात राखली आहेत. मधल्या वाटा सिमेंटच्या, पण चिखलासारख्या केलेल्या. त्यांत अनवाणी पावलांचे, लष्करी बुटांचे, सायकलच्या चाकांचे ठसे उमटवलेत. आम्ही खाली बघूनच चालत होतो. पाय कशावर पडतोय ते पाहिल्याशिवाय पुढं टाकवत नव्हता.

आत काळ्या दगडावर ५०४ नावं आहेत, वयासकट. अमेरिकी लष्कराचा स्वतःचा आकडा ३४७. घटनेनंतर लष्करानं दिलेली बातमी तर आणखी निराळी: शत्रूचे १२८ ठार, जप्त हत्यारं तीन! सव्वाशे सैनिकांत तीन बंदुका, हे वर कुणालाच कसं खटकलं नाही? न खटकण्यातच सगळ्यांची सोय होती.

वैमानिक ह्यू थॉम्पसननं मात्र गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरवलं, काही जीव वाचवले, वरिष्ठांकडे तक्रारही केली. त्याला त्याबद्दलचं पदक मिळालं १९९८ साली. प्रकरण फुटलं ते रॉन रायडनआवर या सैनिकाची पत्रं आणि १९६९ च्या नोव्हेंबरातलं सेमूर हर्श यांचं वार्तांकन यांमुळे.

दोषी ठरला चार्ली कंपनीतला एकटा लेफ्टनंट कॅली. २२ खून, जन्मठेप. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याला तुरुंगातून काढून घरी नजरकैदेत ठेवायला लावलं; साडेतीन वर्षांच्या आसपास तो सुटलाही. कंपनीचा प्रमुख कॅप्टन मेदिना निर्दोष. त्यांच्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल कोस्टर यांच्यावरचे आरोप मागे घेतले, पद तेवढं एका पायरीनं उतरवलं. मला तरी हा न्याय वाटत नाही; वरच्यांना वाचवण्यासाठी खालचा एक पुढं केला गेला.

दानांगचा गोल्डन ब्रिज बघायला आता आपली मंडळीही जातात. जमलं तर एक दिवस इकडे काढा. व्हिएतनामी येत नसली तरी वयांचा रकाना वाचता येतो.