डागडुजी

वाई येथे कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात अण्णांचा वाडा आहे. वाईजवळ वाडा म्हटला की मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा, त्याचे चौक, भित्तिचित्रे आणि नदीत उतरणारा घाट डोळ्यांपुढे येतो. तसे येथे काही नाही. काळ्या दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती, सागवानी खांब व तुळया, एक लहानसा चौक, ओसरी, माजघर आणि मागे परसू, एवढाच त्याचा विस्तार. तरी बोळातील लोक त्यास वाडाच म्हणतात. आणि घराच्या मोठेपणाविषयी शेजाऱ्यांचे मत मानून घेणे केव्हाही बरे.

पुण्यातील नोकरीतून निवृत्त होऊन अण्णा आणि काकू २००९ साली येथे राहावयास आले. उरलेले आयुष्य नदीकाठी काढावे, असा त्यांचा बेत होता आणि बरीच वर्षे तो साधलाही. परंतु २०२२ मध्ये अण्णांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. मग दर दीड-दोन महिन्यांनी खंबाटकी ओलांडून पुण्यास जाणे, रक्त तपासणे आणि परत येणे सुरू झाले. मुलगा पुण्यातच असे. अखेर २०२३ च्या दिवाळीत ठरले की, पुढच्या पावसाळ्यापूर्वी दोघांनी कायमचे पुण्यास जावे.

हे ठरल्यावर कोणीही सामानाची बांधाबांध सुरू केली असती. अण्णांनी गवंडी बोलावला.

मुलाला हे कळले तेव्हा तो दूरध्वनीवरून म्हणाला, "अण्णा, चार-पाच वर्षांत तो वाडा विकायचाच आहे. घेणारा तो पाडूनच इमारत उभी करील. पाडायच्या भिंतींवर पैसे कशाला घालता?" या प्रश्नास अण्णांजवळ चांगलेसे उत्तर नव्हते. काकूंनी मात्र यंत्र आपल्या हाती घेतले आणि म्हटले, "भाड्याची खोली सोडतानासुद्धा आपण झाडून सोडत होतो, आठवतं ना?" मुलाला ते पटले असे नव्हे, पण त्याने वाद थांबविला, आणि पुढच्या आठवड्यात काही पैसेही पाठविले.

गवंडी सत्तरीकडे झुकलेला होता. त्याला सारे मिस्त्री म्हणत. त्याचा बाप आणि आजा याच कामातले. तो आला आणि पहिला तासभर काहीच बोलला नाही. कोठे हाताच्या बोटांनी भिंत ठोकून पाही, कोठे नाक जवळ नेऊन वास घेई. माजघराच्या पश्चिमेकडील भिंतीशी तो बराच वेळ थांबला. ती भिंत कंबरेइतक्या उंचीपर्यंत ओलसर होती. तिला लोणा लागला होता आणि गिलाव्याचे पोपडे फुगून आले होते. वैद्याने नाडी सोडावी तसा हात मागे घेऊन मिस्त्री म्हणाला, "अण्णा, भिताडाला घाम येतोय, अन् तुम्ही त्याला रेनकोट घातलाय. हे शिमिट कुणी लावलं?"

ते अण्णांनीच लावले होते. १९८४ साली, नोकरीत बढती मिळाल्यावर, सुट्टीत घरी येऊन त्यांनी जुना मातीचा गिलावा खरवडून काढला आणि सगळ्या माजघरास सिमेंटचा गिलावा करविला होता. गुळगुळीत, करडा, शहरातल्यासारखा. सारी आळी पाहावयास आली होती. वडिलांनी तेव्हा विरोध केला नाही. मात्र पुढच्याच पावसाळ्यात त्यांनी आपली बैठक त्या भिंतीपासून उचलून समोरच्या खिडकीखाली नेली. वडिलांना उजेड हवा असेल, असे अण्णांना वाटले होते. चाळीस वर्षे तसेच वाटत होते. मिस्त्रीच्या त्या एका वाक्याने वडिलांची ती जागा बदलणे त्यांना नव्याने दिसले, आणि ते मुकाट्याने ओसरीवर जाऊन बसले.

मातीच्या भिंतीची रीत अशी आहे की, जमिनीतील ओल तिच्यात चढतेच. पण माती आणि चुना यांना सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून ती ओल बाहेर पडून हवेत उडून जाते. सिमेंटचा थर घट्ट असतो. तो ओलीची वाट अडवितो. अडलेली ओल मग वर चढत राहते, आपल्याबरोबर जमिनीतील क्षार आणते, आणि थराच्या मागे मातीचे हळूहळू पीठ होत जाते. वरून भिंत वर्षानुवर्षे धडधाकट दिसते. मिस्त्रीने छिन्नीने पहिला पोपडा काढला तेव्हा त्याच्या मागून ओली माती मूठ-मूठ गळून खाली आली.

सिमेंट उतरविण्यास अकरा दिवस लागले. नंतर मिस्त्रीने काम बंद ठेवले. "वाळू द्या," एवढेच तो म्हणाला, आणि दुसऱ्या गावी निघून गेला. भिंती उघड्या राहिल्या. माघ-फाल्गुनात घाटाघाटांवर कृष्णाबाईचे उत्सव झाले. पाहुणे आले, माजघराच्या अंगावरचे कातडे सोलल्यासारखे ते रूप पाहून हळहळले, आणि अण्णांना फसविले गेले आहे असे आपापसांत बोलून गेले. अण्णा रोज सकाळी भिंतीवर तळहात टेकवून पाहत. तो कधी ओला होई, कधी कोरडा राही. मार्च सरता सरता तो सलग आठ दिवस कोरडा राहिला.

एवढ्या अवधीत चौकातील टाकीत चुना मुरत पडला होता. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात टाकताच पाणी खदखदून उकळते. भिंतीवर चढल्यावर तोच चुना हवेतील कर्बवायू सावकाश शोषून घेतो आणि वर्षानुवर्षांनी पुन्हा दगडासारखा कठीण होतो. मिस्त्रीने ढासळलेल्या जागी मातीचे भेंडे बसविले, माती, भुसा आणि शेण कुजवून केलेला गिलावा दिला, आणि शेवटी गूळ व हिरड्याचे पाणी घालून मळलेल्या चुन्याचा पातळ हात फिरविला. पूर्वी हा चुना बैल जुंपलेल्या दगडी घाणीत मळत. येथे त्याचे दोन नातू आळीपाळीने फावडी चालवीत आणि मधूनमधून मोबाइलवर क्रिकेटचा धावफलक पाहत.

इतर कामांत फार सांगण्यासारखे नाही. मागच्या भिंतीत उगवलेला पिंपळ कापावयास मजूर धजेनात. तो मुळांसकट अलगद काढून नदीकाठी लावला. घुसळखांबाचे बूड वाळवीने खाल्ले होते. सुताराच्या मते नवा खांबच स्वस्त पडला असता. परंतु दोरीने घासून घासून त्यावर पडलेली खाच काकूंना मोडावयाची नव्हती. म्हणून खालचा दीड हात तेवढा कापून नवे सागवान सांध्याने जोडले. कौले सारी उतरवून धुतली. फुटलेल्यांच्या जागी घालण्यास शेजारच्या आळीत नुकत्याच पाडलेल्या वाड्याची कौले मिळाली. ती घेताना अण्णांना संकोच वाटला. त्या वाड्याच्या ओसरीवर त्यांनी लहानपणी परवचा म्हटला होता.

मग प्रश्न उरला किल्लीचा. बंद घर वाळवी आणि उंदीर यांचे होते, हे अण्णा जाणून होते. बोळातील शाळेत शिकविणाऱ्या एक बाई आईसह एका अंधाऱ्या खोलीत राहत. अण्णांनी त्यांना पुढच्या तीन खोल्या देऊ केल्या. भाडे म्हणून काही घ्यावयाचे नाही. रोज खिडक्या उघडावयाच्या आणि भिंतींना सिमेंट लावू द्यावयाचे नाही, एवढ्याच अटी. बाई म्हणाल्या, "फुकट राहायला आम्हांला नाही जमायचं, अण्णा." तेव्हा काकूंनी मध्ये पडून थोडेसे भाडे ठरविले.

मे महिन्याच्या अखेरीस सामान गाडीत चढले. निघण्याच्या आधी अण्णा माजघरात गेले आणि पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून थोडा वेळ बसले. काकूंनी बाहेरून दोनदा हाक मारली. ते उठले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर चुन्याचा पांढरा पट्टा उमटला होता. तो पुण्यास पोहोचेपर्यंत तसाच राहिला.

जूनमध्ये वाईस पहिला मोठा पाऊस झाला. रात्री बाईंचा दूरध्वनी आला.

"अण्णा, माजघरात एक थेंब नाही. भिंत कोरडी ठणठणीत आहे. पण ओसरीच्या टोकाला एका कौलातून टपकतंय. मी खाली पातेलं ठेवलंय."

"कोपऱ्यापासून कितवं?" अण्णांनी विचारले.

"चौथं. थांबा हं, पाहते... नाही, पाचवं."

अण्णांनी चष्मा लावला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुसऱ्या दिवसाच्या चौकोनात लिहिले : 'मिस्त्री. ओसरी. पाचवे कौल.'