आजीची गोधडी

आमच्या घरीं मूल्यवान वस्त्रें नाहींत. परंतु आजीनें स्वहस्तें शिवलेली एक गोधडी आहे. आजीचें माहेर भीमाशंकराच्या डोंगरांत. तेथील रान तिनें जुन्या लुगड्यांच्या ठिगळांतून गोधडीवर उतरविलें आहे: हिरव्या चोळखणांचे हिरडे, निळ्या काठाची भीमा नदी, आणि आजोबांच्या तांबड्या पागोट्याचा शेकरू! १९८५ सालीं अभयारण्य झालेल्या त्या रानांत महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी क्वचितच भुईवर उतरतो. फांदीवरून फांदीवर उड्या घेत फिरतो.

गतवर्षीं एका पाहुण्यानें त्या गोधडीस चांगली किंमत देऊं केली. घरांत माझ्या फीची नड होती. आजी म्हणाली, "ही देणार नाहीं, त्यांचें पागोटें पुन्हां कोठून मिळेल? दुसरी शिवून देतें." तिची दृष्टि मंदावली आहे, म्हणून सुईंत दोरा मीं ओंवावा व धांवदोरा तिनें घालावा, असा क्रम दोन महिने चालला. काम लवकर उरकावें म्हणून झाडें सुटीं ठेवावीं काय, असें मीं विचारलें. ती म्हणाली, "फांदी तुटली कीं शेकरूची वाट तुटली."

नवी गोधडी गेली. फी भरली गेली. जुनी आजहि थंडींत आमच्या अंगावर असते. वाचकहो, रान राखणें म्हणजे काय, हें मला त्या एका वाक्यानें शिकविलें.