खडकीत विसावलेली परकी पोरे

बिबवेवाडीहून खडकीला जायचे म्हणजे सगळे पुणे ओलांडायचे. बसने स्वारगेट गाठले आणि मेट्रो धरली. मंडई, कसबा पेठ जमिनीखालीच मागे पडले. खडकीला उतरलो, रिक्षा केली. 5 नोव्हेंबर 1817 ला पेशव्यांची फौज इंग्रजांशी इथेच लढली आणि हरली. पुढे खडकी छावणीचीच झाली. रिक्षा मुळा रोडवर वॉर सिमेट्रीच्या फाटकाशी थांबली.

आत हिरवळ आणि एका मापाचे दगड, रांगेने. साहेब असो की साधा शिपाई, दगड सारखाच. या कबरी राखणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा हा जगभरचा नियम आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी इथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे त्यांची कायमची निगा राखली जाईल याची खात्री नव्हती, तिथून त्या इथे आणल्या. मुंबईच्या शिवडीतून पहिल्या महायुद्धातल्या 629 जणांचे अवशेष जून 1962 मध्ये आले.

एका दगडापुढे उकिडवा बसलो. वर पलटणीचे चिन्ह. मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख. वय 21. तळाशी घरच्यांनी निवडलेली एक ओळ, अक्षरे अजून कोरीव. ती ओळ ज्या आईने दूरदेशातून कळवली, तिला हा दगड बघायला मिळाला असेल असे वाटत नाही. तिथून पाय लवकर निघेना.

आपल्याही घरांचे हेच झाले आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा पलटणीचे. 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर ते एकटे धावून गेले. गोळ्या भरायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूकच सोट्यासारखी चालवली. ठाणे घेतले आणि तिथेच पडले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांची कबर कुठेच नाही. नाव तेवढे इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे. त्याच कॅसिनोजवळ काइरा इथे वीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत. जर्मनीतली फोल्क्सबुंड ही संस्था ती दफनभूमी राखते. तेही कुणाचे तरी लेकच होते, आणि त्यांच्याही घरच्यांना इटली दूरच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: ज्यांच्या दारात या कबरी आहेत, त्यांनी तिथे जात जावे. पुणेकरांनो, एखाद्या रविवारी मुलांना घेऊन खडकीला जा, चार दगडांवरची नावे मोठ्याने वाचा. आणि मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात उतराल तेव्हा माणगावात थांबा. घाडग्यांचा पुतळा तिथे आहे.