जरा मागं घे

आमची गावं दोन. एक माळावरचं. त्यात मी जन्मलो, वाढलो आणि पुढं मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं. दुसरं उजनीच्या पाण्याखालचं. भीमेवर धरण झालं, 1980 च्या सुमाराला पाणी अडलं आणि नदीकाठची माणसं भांडीकुंडी, जनावरं घेऊन वर नव्या गावठाणात आली. मी त्यानंतरचा. त्यामुळं खालचं गाव माझ्यासाठी नुसतं ऐकीव. आप्पांसाठी मात्र ते कधी बुडालंच नाही. "खालच्या गावात आपल्या दारात चिंच व्हती," असं ते म्हणतात, जणू शेजारच्या आळीबद्दल सांगतायत.

उजनीचं एक वेगळंच आहे. धरणाच्या 117 टीएमसीपैकी जवळजवळ 63 टीएमसी पाणी मृतसाठ्यात धरतात. त्याच्या खाली पातळी गेली की आमच्याकडं 'उजनी मायनसमध्ये गेली' म्हणतात. खूपच मायनस झाली की फुगवट्यातली जुनी गावं उघडी पडायला लागतात. पळसदेवचं जुनं देऊळ असंच वर येतं आणि बघायला लांबून लोक येतात. आमच्या गावात बघण्यासारखं काही नाही. मारुतीचा चौथरा, पडक्या भिंती आणि घरांची जोती.

2016 च्या उन्हाळ्यात आप्पा दुकानात येऊन म्हणाले, "येतोस का रं खाली? आपलं जोतं उघडं पडलंय म्हणत्यात."

दुष्काळात पाणी खोल गेलं की मोटारी जास्त जळतात. दुकानात सात मोटारी उघडून पडल्या होत्या. मी हातातली तांब्याची तार न सोडता म्हणालो, "आप्पा, पुढच्या टायमाला जाऊ."

ते एकटे गेले. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत गाळ घेऊन परत आले, तांब्याभर पाणी प्याले आणि एवढंच बोलले, "उंबऱ्याचा दगड हाय अजून." मी मान हलवली आणि जेवायला बसलो. नंतरच्या वर्षांत त्यांचे गुडघे गेले, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तो 'पुढचा टाइम' माझ्या मनात कुसळासारखा रुतून बसला.

कॅमेरा आला तो मात्र या कारणानं नाही. माझा चुलतभाऊ फुगवट्यात होडी चालवतो. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, त्यांना फिरवून आणतो. त्यातल्या एका साहेबांनी नवा मोठा कॅमेरा घेतला आणि जुना कॅननचा एसएक्स 50 विकायला काढला. 2021 चा हिवाळा होता तो. अकरा हजारांना मी घेतला. बायको म्हणाली, "अकरा हजारात ठिबकची नळी आली असती." खरं होतं. मी गप्प बसलो.

हा ब्रिज कॅमेरा. खिशातला साधा कॅमेरा आणि लग्नात फोटोग्राफर वापरतो तो मोठा कॅमेरा, या दोघांच्या मधला. दिसायला मोठ्यासारखा, पण लेन्स काढता येत नाही. एकाच लेन्समध्ये 24 पासून 1200 मिलिमीटरपर्यंत सगळं, म्हणजे 50 पट झूम. आप्पांनी नाव ऐकून विचारलं, "ब्रिज म्हंजी पूलच न्हवं? मग ह्यो कुठला पूल?" मी म्हणालो, "काय माहीत, आप्पा."

पहिल्या महिन्यातले फोटो कुणाला दाखवायच्या लायकीचे नव्हते. रोहित म्हणजे गुलाबी डाग. बगळा म्हणजे चुन्याचा ठिपका, त्याला पिसं म्हणून नाहीत. क्लास लावायचा तर पुणं गाठायला हवं. मग थोरल्या पोरीनं कंपनीच्या साइटवरून कॅमेऱ्याचं पुस्तक मोबाईलवर उतरवून दिलं. फुकट, पण शेकडो पानांचं आणि इंग्रजी. रात्री लाइट आली की शेतात पाणी धरायला जायचो, तेव्हा बांधावर बसून एकेक पान वाचायचो. अडलेला शब्द सकाळी पोरीला विचारायचो. ती दहावीला होती. म्हणायची, "पप्पा, माझी परीक्षा आहे का तुमची?"

पुस्तकात कुठलं बटण काय करतं ते होतं. ते का दाबायचं हे नव्हतं. ते यूट्यूबवर मिळालं. हिंदीतली पोरं, इंग्रजीतले म्हातारे. कोण कुठल्या देशातला, हॉलमध्ये खुर्चीवर बसून सांगतोय आणि मी इथं उसाच्या कडेला ऐकतोय. न समजलेला भाग चार-चार वेळा मागं नेऊन ऐकला तरी कुणी वैतागत नव्हतं. आमच्या मास्तरांच्या छडीची सवय असलेल्या माणसाला हे फार मोठं होतं.

ॲपर्चर, शटर, आयएसओ या तीन गोष्टींनी डोकं खाल्लं. शेवटी मी त्या माझ्या भाषेत बसवल्या. ॲपर्चर म्हणजे पाइपाची जाडी, दोन इंची का तीन इंची. शटर म्हणजे मोटार किती वेळ चालवली. दोन्ही मिळून वाफ्यात किती पाणी गेलं ते ठरतं, तसा फोटोत किती उजेड गेला ते ठरतं. आणि आयएसओ म्हणजे रेडिओचा आवाज. केंद्र नीट लागत नसलं की आवाज वाढवावा लागतो, पण सोबत खरखरही वाढते. या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा, म्हणून खरखर लवकर येते. आयएसओ होईल तेवढा खाली ठेवायचा, हे तेव्हाच पक्कं झालं.

बाकीचं हळूहळू. बटण अर्धं दाबून आधी फोकस धरायचा, मग पुरतं दाबायचं. डिजिटल झूम बंद करून टाकायचा, त्यानं फोटो नुसता फुगतो. काळ्या पाण्यावर पांढरा बगळा असला की उजेड मायनसला ओढायचा, म्हणजे पिसं दिसतात. फुल झूमला हात किती हलतो ते बघून मी किलोभर ज्वारीची पिशवी शिवून घेतली. ती होडीच्या कडेवर टाकायची, वर कॅमेरा ठेवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा. बोटाचा धक्कासुद्धा नको.

एका पौर्णिमेला आयएसओ 100, शटर 1/250 लावून चंद्र काढला. त्यावरचे खड्डे मोजता येतील इतका साफ आला. रात्री साडेअकराला घरातल्या सगळ्यांना उठवलं. आप्पांनी छोट्या पडद्यावर बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "एवढ्या लांबचं दिसतंय?"

"दिसतंय."

"मग खालचं गाव बी दिसंल."

त्या वर्षी धरणात पाणी होतं. पुढच्या वर्षीही. मी रोहित काढत राहिलो.

2024 च्या उन्हाळ्यात उजनी मायनस पन्नासच्याही खाली गेली. भाऊ एक दिवस सांगत आला, मारुतीचा चौथरा वर आलाय. मी दुकान बंद करून कॅमेरा घेतला आणि निघालो. पण जाणार कसं? भोवतीनं ओला गाळ. होडी जाईना, पाय टाकला तर कमरेपर्यंत रुततोय. काठावरून गाव किलोमीटरभर तरी लांब. म्हटलं, हरकत नाही, 1200 मिलिमीटर कशासाठी आहे?

दुपारचे बारा वाजले होते. पडद्यावर सगळं थरथरत होतं, उकळत्या पाण्यातून बघावं तसं. पन्नास फोटो काढले, पन्नासही लिबलिबीत. मला वाटलं, कॅमेरा गेला. रात्री मोबाईलवर शोधलं तर एक म्हातारा गोरा सांगत होता, ही हवेतली झळ आहे, कुठलंही सेटिंग हिला घालवू शकत नाही, पहाटे जा. हे आमच्या इथं शेंबडं पोरगंसुद्धा जाणतं, पण ते मला फोटोत दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाचलाच काठावर. जमीन गार, हवा थांबलेली. पिशवी टाकली, उजाडायची वाट बघितली आणि फुल झूमला पडकी भिंत काढली. एकेक दगड वेगळा. इतका स्वच्छ फोटो मी आजवर काढला नव्हता. घरी येऊन पोरीच्या लॅपटॉपवर मोठा केला आणि आप्पांना खुर्ची दिली.

त्यांनी चष्मा पुसला. पुढं वाकले, मागं झाले. मग म्हणाले, "दगडं चांगली आल्यात. पण कुणाची हायत?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर हिशेब केला. तेवढ्या लांबून फुल झूमला जेमतेम तीस मीटर रुंदीचं चौकटीत येतं. दोन घरांएवढं. माणसानं गल्ली बघितल्याशिवाय घर ओळखावं कसं?

तिसऱ्या दिवशी पहाटे आप्पांना गाडीवर मागं बसवलं. वाटेत दोन्ही हातांनी माझा शर्ट धरून बसले होते. काठावर पोतं अंथरलं, पडदा फिरवून त्यांच्या तोंडासमोर धरला. आधी फुल झूम.

"जरा मागं घे."

घेतलं.

"आजून मागं."

तीन वर्षं मी पुढं जायलाच शिकलो होतो. जितकं जवळ तितकं भारी, असंच वाटायचं. झूम निम्म्याच्याही खाली आला तसा चौथरा आला, त्याच्या डावीकडं आडाचं गोल कडं आलं, मग जोत्यांची रांग.

"थांब. थांब." आप्पांचं बोट पडद्यावर टेकलं. "ह्यो मारुती. ह्यो आड. हितनं गल्ली. पयलं सुताराचं. दुसरं तात्याचं. तिसरं..." ते थांबले. "ह्यो आपला उंबरा."

मला तिथं गाळाच्या रंगाचा एक आडवा दगड दिसत होता, बाकीच्या दगडांसारखाच. मी टायमर लावला आणि फोटो घेतला. आप्पा बोलत राहिले. कुणाच्या दारात काय होतं, पाणी कुठल्या बाजूनं आत आलं, आजीनं निघताना चुलीतला विस्तू कसा परातीत घेतला. मी 2016 बद्दल काही बोलायचं ठरवलं होतं. राहून गेलं. त्यांनीही विषय काढला नाही. ऊन चढलं आणि पडद्यावरचं गाव थरथरायला लागलं, तेव्हा उठलो.

फोटो स्टुडिओतून मोठा करून दुकानात लावलाय. पोरीनं आप्पांना विचारून घराघरावर आकडे टाकले आणि वहीत नावं लिहिली. आता जुनी माणसं मोटारीच्या निमित्तानं येतात आणि फोटोपुढं उभी राहतात. तिसरं जोतं आमचं नाही, आपलं आहे, असं आप्पांचे एक दोस्त म्हणतात. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

त्या ऑगस्टात धरण भरलं. ऊस तरला, मोटारी जळायच्या थांबल्या, गाव पुन्हा खाली गेलं. उजनी परत तशी आटू नये असंच मी म्हणतो, कुणीही म्हणेल. आप्पाही म्हणतात. पण मार्च उजाडला की पेपर आल्याबरोबर ते आधी उजनीचा टक्का बघतात, आणि मी कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावतो.