कोळशाची भट्टी आणि आमचे रविवार

संगणकावरील खेळांविषयीं वडील मंडळींची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतों. ती अशी कीं, या खेळांत मुलांस सर्व कांहीं चुटकीसरशी मिळतें, आणि त्यामुळें त्यांच्या अंगचा धीर नाहींसा होतो. ही तक्रार करणाऱ्यांनीं आमच्या भट्टीपुढें एक रविवार बसून पाहावें, अशी आमची त्यांस नम्र विनंति आहे. आमची तक्रार नेमकी उलट आहे. शाळेच्या घंटेची, उशिरा येणाऱ्या एस्. टी.ची आणि गेलेल्या विजेची वाट आम्हीं मूर्तिजापुरांत पुष्कळ पाहिली आहे. परंतु जितकी वाट या खेळानें आम्हांस पाहावयास लावली, तितकी दुसऱ्या कशानेंहि नाहीं.

आम्ही म्हणजे इयत्ता नववींतील तिघे मित्र. खेळाचें नांव माइनक्राफ्ट. स्वीडनमधील मोजांग या कंपनीनें तो २०११ सालीं पूर्ण स्वरूपांत बाहेर काढला. त्यांतील जग घन ठोकळ्यांचें बनलेलें असून एक ठोकळा एक मीटर लांबीचा धरतात. झाड तोडावें, दगड खणावा, धातु वितळवावा आणि आपलें घर बांधावें, इतकेंच मूळ खेळाचें स्वरूप. पण कित्येक हौशी लोकांनीं या मूळ खेळास आपापलीं जोडकामें बसविलीं आहेत. त्यांस मॉड म्हणतात. त्यांतील कांहीं मॉड यंत्रविद्येवर रचलेले आहेत. रेलक्राफ्ट हा त्यांपैकीं एक. त्याचा विषय आगगाडी.

मूर्तिजापूरच्या मुलांस आगगाडीचा खेळ कां आवडावा, हें येथील वाचकांस सांगावयास नको. मुंबई-नागपूर या मोठ्या मार्गावरील आमच्या स्टेशनापासून दोन अरुंद मार्ग फुटले: एक यवतमाळास, ११३ किलोमीटर, दुसरा अचलपुरास, ७६ किलोमीटर. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीनें वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ते टाकविले. पुढें या गाडीचें नांव शकुंतला पडलें. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिच्या सेवेंत होतें. मग डिझेलचें आलें. गेलीं कांहीं वर्षें ती गाडीच बंद आहे. आमच्यापैकीं एक जण अगदीं लहानपणीं आजोबांच्या मांडीवर बसून तींतून दर्यापूरपर्यंत गेला होता. उरलेल्या दोघांच्या नशिबीं तेवढेंहि नव्हतें. तेव्हां अचलपूरची शाखा आपण खेळांत तरी चालू करावी, असें नाताळच्या सुटींत आम्हीं ठरविलें. एका किलोमीटरास दहा ठोकळे या प्रमाणानें मार्ग ७६० ठोकळ्यांचा झाला.

आणि तेथूनच आमच्या दुःखास आरंभ झाला.

रूळ टाकावयाचे तर आधीं स्लीपर हवे. स्लीपर लांकडाचे, पण कोरडें लांकूड चालत नाहीं, त्यास क्रिओसोट नांवाचें तेल पाजावें लागतें. हें तेल कोळसा भाजून निघतें. कोळसा भाजावयास निराळ्या विटांची भट्टी हवी; तीस विटा लागतात २६. या विटा करावयास वाळू आणि साध्या विटा हव्या, साध्या विटांस चिकणमाती हवी, आणि चिकणमाती नदीच्या तळाशीं. इतकें सर्व आम्हीं आनंदानें केलें. भट्टी पेटली. एक कोळसा आंत घातला म्हणजे एक कोक व अर्धी बादली तेल बाहेर येतें. मात्र त्यास पुरे ९० सेकंद लागतात. एका स्लीपरास एक बादली तेल, म्हणजे दोन कोळसे. चार स्लीपर जोडावे तेव्हां रुळांखालची एक चौकट तयार होते. वाचकांपैकीं ज्यांचें गणित बरें असेल त्यांच्या ध्यानांत एव्हांना आलें असेल कीं, एका चौकटीस आठ कोळसे आणि आठ कोळशांस बारा मिनिटें. फाटे व स्टेशनें धरून आमचा अंदाज पन्नास चौकटींचा होता. पन्नास गुणिले बारा म्हणजे सहाशे मिनिटें. शिवाय रूळ लाटावयाचें यंत्र निराळें, आणि तेंहि आपल्याच चालीनें चालणारें.

आतां आमच्या घरचा नियम असा कीं, ज्याच्या घरीं संगणक आहे त्याच्याकडे रविवारीं सकाळीं दोन तास खेळावें, अधिक नाहीं. खेळ बंद केला म्हणजे भट्टीहि बंद पडते. आठवडाभर ती आपल्यासाठीं जळत राहील अशी सोय नाहीं. दहा तास म्हणजे पांच रविवार नुसत्या स्लीपरांचे झाले. हा हिशोब आम्हीं वहीच्या शेवटच्या पानावर मांडला तो जानेवारीचा दुसरा आठवडा होता. मार्च परीक्षेचा. आणि परीक्षा होतांच आमच्यापैकीं एक जण वडिलांच्या बदलीमुळें पुण्यास जावयाचा होता. हातीं रविवार उरले होते सात. त्यांतूनहि वीज किती खाईल याचा नेम नव्हता.

पहिला कोक बाहेर आला तेव्हां आम्हीं टाळ्या वाजविल्या. पांचव्याच्या वेळीं एकमेकांकडे पाहून हंसलों. विसाव्याच्या वेळीं कोणी मानहि वर केली नाहीं. भट्टीच्या चौकोनांत एक लहानशी ज्वाला हळूहळू सरकत असते, आणि तिच्याकडे तीन मुलें बगळ्याप्रमाणें टक लावून बसलेलीं असतात, हें चित्र पाहून त्या घरच्या आईसहि आमची कींव आली असावी. कारण त्या दिवशीं तिनें न मागतां चिवडा आणून दिला.

तिसऱ्या रविवारीं भांडण झालें. या खेळांत अशीहि एक रीत आहे कीं, ती पत्करली म्हणजे वाटेल ती वस्तु वाटेल तितकी फुकट मिळते. भट्टी नको, कोळसा नको. ज्याचा संगणक होता तो म्हणाला, "हा निव्वळ वेळ खाण्याचा धंदा आहे. स्लीपर कसे होतात तें आपणांस समजलें ना? मग शंभर वेळां तेंच कशाला? सरळ फुकट घेऊं आणि रूळ टाकूं." यावर दुसरा, जो पुण्यास जावयाचा होता तो, एकदम उसळला. घाई असावयाची तर त्यासच अधिक, पण तोच म्हणाला, "मग ती आपली गाडी कशी? ती तर खेळाची गाडी." त्या आठवड्यांत दोघे वर्गांत एका बाकावर बसले नाहींत. तिसऱ्यानें मध्यस्थी केली तर तो दोन्हींकडून बोलणीं खाऊन आला.

आम्हांस आज वाटतें कीं, दोघांच्याहि म्हणण्यांत सत्य होतें, आणि तें आम्हांस दाखवून दिलें तें आबाजींनीं. आबाजी म्हणजे मघां सांगितलेले दर्यापूरपर्यंत नेणारे आजोबा. तरुणपणीं ते एका जिनांत मजूर होते. एके दिवशीं ते आमच्यामागें येऊन बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनीं विचारलें, "पोट्टेहो, तुमची भट्टी कोयसा भाजून राह्यली, थे समजलं. पन तवरोक तुम्ही काय करून राह्यले?"

आम्ही कांहींच करीत नव्हतों. तोच तर सारा घोटाळा होता.

मग त्यांनीं जिनांतील काम कसें चाले तें सांगितलें. शंभर किलो कापसांतून रुई निघते ती सुमारें तेहतीस-चौतीस किलो. बाकी बहुतेक सरकी. गाठ बांधावयाची ती १७० किलोची. म्हणजे एका गाठीसाठीं पांचशे किलो कापूस रेच्यावर घालावयाचा. काम रटाळ खरें, आणि छातींत धूळ जाई ती वेगळीच. परंतु तेथें हात एक क्षणहि मोकळा नसे. कापूस एकसारखा घातला नाहीं तर यंत्र तुंबतें. चामड्याचे रूळ झिजले, किंवा त्यांवरील पातें बरोबर बसलें नसलें, तर सरकी फुटून रुईंत तिची कच येते. जुना मजूर डोळ्यांनीं पाहण्याआधीं आवाजावरूनच हें ओळखी. आबाजी अजूनहि रस्त्यानें जातांना जिनाचा आवाज ऐकून थांबतात आणि "तिसरा रेचा बिघडला वाट्टे" असें म्हणतात. तें खरें असतें कीं नाहीं, हें आम्हीं कधीं आंत जाऊन पाहिलेलें नाहीं.

यावरून आमचें मत असें बनलें कीं, यंत्रविद्येचे हे मॉड रचणाऱ्यांनीं संथपणाचे दोन प्रकार एकांत एक मिसळून टाकले आहेत. एका प्रकारांत वेळ लागतो, कारण हाताला कांहीं शिकावयाचें असतें. दुसऱ्यांत वेळ लागतो, कारण कोणीतरी तेथें ९० हा आंकडा लिहून ठेविला आहे. पहिली भट्टी उभारतांना जी यातायात पडली ती पहिल्या प्रकारची, आणि तिच्याबद्दल आमची कांहींहि तक्रार नाहीं. शंभराव्या कोळशापुढील वाट दुसऱ्या प्रकारची. हातोडीनें एकेक पत्रा ठोकावयास लावणारे, अथवा एका लहानशा विद्युत्-पाटीसाठीं दहा वस्तु आधीं करावयास लावणारे मॉडहि आहेत. ग्रेगटेक नांवाचा मॉड तर याबद्दल प्रसिद्धच आहे. त्यांत लोक शेंकडों तास घालवितात. त्यांच्या धीराचें आम्हांस कौतुक वाटतें, हेवा मात्र वाटत नाहीं.

तथापि ९० या आंकड्याच्या बाजूनेंहि थोडें बोललें पाहिजे. खऱ्या कारखान्यांत कोळशाचा कोक होण्यास ९० सेकंद नव्हे, सोळा ते वीस तास लागतात. लांकडी स्लीपरांस क्रिओसोट पाजण्याची रीतहि काल्पनिक नाहीं. जॉन बेथेल नांवाच्या इंग्रजानें १८३८ सालीं तिचें पेटंट घेतलें होतें. आणि योग्य कोळसा मिळेपर्यंत किती थांबावें लागतें, याचें उदाहरण तर आमच्या विदर्भांतच आहे. कापूस जवळ म्हणून जमशेटजी टाटांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरांत एम्प्रेस मिल चालू केली. पुढें १८८२ सालीं चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथील लोखंडाच्या दगडाविषयींचा एक अहवाल त्यांच्या वाचनांत आला. वरोऱ्याची कोळशाची खाण जवळच. त्यांनीं तेथील कोळसा तपासून घेतला. तो या कामास योग्य नाहीं असें ठरलें. खाणींचे सरकारी नियमहि त्या काळीं जाचक होते. बेत तेथेंच राहिला. टाटांच्या कारखान्यांत पोलाद तयार झालें तें १६ फेब्रुवारी १९१२ रोजीं, तेंहि लोहाऱ्यास नव्हे, साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरांत. आणि जमशेटजी १९०४ सालींच वारले होते. तीस वर्षें! पण या तीस वर्षांत ते ज्वालेकडे पाहत बसले नव्हते, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

भांडण मिटलें तें असें. फुकटची रीत आम्हीं पत्करली नाहीं. पण एका भट्टीपुढें बसणेंहि सोडलें. एक संपूर्ण रविवार आम्हीं भट्टी विझवून ठेविली आणि नदींतून चिकणमाती काढली. आणखी ५२ विटा झाल्या, म्हणजे आणखी दोन भट्ट्या. तीन भट्ट्यांमुळें जें काम दहा तासांचें होतें तें तीन तास वीस मिनिटांचें झालें. ज्याचा संगणक होता त्यास वेग मिळाला. पुण्यास जाणाऱ्यास गाडी आपली राहिल्याचें समाधान मिळालें. भट्ट्या जळत असतां एकानें मार्ग सपाट करावा, दुसऱ्यानें पूर्णेवरचा पूल बांधावा, तिसऱ्यानें कोळसा भरावा, अशी वांटणी झाली. पूल बांधणारास तर पुढें भट्टी हवी तितकी लवकर संपते अशी उलट तक्रार करण्याची पाळी आली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारीं मूर्तिजापूर ते अंजनगांव मार्ग तयार झाला. एक रविवार विजेनें खाल्ला होता, म्हणून पथ्रोट आणि अचलपूर तेवढीं राहिलीं. तरीहि गाडी सोडावयाची ठरली. आबाजींस खुर्ची देऊन पुढें बसविलें. या खेळांतील गाडी सेकंदास आठ ठोकळे धांवते. आमच्या प्रमाणानें अचलपूरपर्यंतचा सारा प्रवास दीड मिनिटाच्या जरासा वर, म्हणजे जवळजवळ एका कोळशाच्या वेळांत, आटोपावयाचा. पूर्णेचा पूल आला आणि गेला. दर्यापूर आलें कधीं आणि गेलें कधीं हें कळलेंहि नाहीं. अंजनगांवास गाडी थांबली. आम्ही आबाजींच्या तोंडाकडे पाहूं लागलों.

"हे शकुंतला नोहे," ते म्हणाले. "अचलपूरले चार तास लागत होते. लोक उतरून, बोरं तोडून, पयत येऊन डब्यात चढत. हे तं मेलगाडी झाली. हे हळू होत नाही काय?"

होतें. रेलक्राफ्टमध्यें संथ चालीचे रूळ निराळे मिळतात, लांकडी रुळांवर लोखंडाची पट्टी मारलेले. जो पुण्यास जाणार होता त्यानें वही उघडून त्यांची कृति पाहिली. त्यांसहि स्लीपर लागतात. आणि स्लीपरांस तेल. तिघांनींहि एकदम घड्याळाकडे पाहिलें. वीस मिनिटें उरलीं होतीं. त्यानें उठून तिन्ही भट्ट्यांत कोळसा घातला.